सहा दिवसांसाठी घरी येणारी मोठी मुलगी: दिवाळीआधी काय ठरवावं, काय सोडून द्यावं

प्रश्न सोलापूरच्या एका आईचा आहे, थोडक्यात असा: मुलगी सव्वीस वर्षांची, बंगळुरूला नोकरी. दिवाळीला सहा दिवस येते. घरचे महिनाभर वाट बघतात आणि ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. उशिरा उठते, फोनवर असते, मैत्रिणींकडे निघून जाते, लग्नाचा विषय काढला की खोलीचं दार लावून घेते. यंदा काय वेगळं करावं?

अशा भांडणांत मुलीचा स्वभाव वाईट नसतो आणि आईचाही नसतो. दोघींच्या डोक्यात त्याच सहा दिवसांचे दोन निराळे बेत असतात आणि ते एकमेकींना सांगितलेले नसतात, इतकंच. म्हणून स्वागताची खरी तयारी फराळापासून नाही, अडीच महिने आधी केलेल्या वीस मिनिटांच्या फोनपासून सुरू होते.

फोन करण्याआधी कागदावर हिशोब मांडून बघा. सहा दिवस म्हणजे १४४ तास. रोजची आठ तास झोप धरली तर ४८ गेले. दोन दिवस ती घरून काम करणार असेल तर आणखी १८. जेवण, अंघोळ, चहापाणी रोजचे तीन तास धरा, म्हणजे १८. नातेवाइकांकडे दोन दुपारी आणि मैत्रिणींबरोबर दोन संध्याकाळी असे मिळून १८. उरले ४२ तास, म्हणजे दिवसाला सात. त्यात पूजा, खरेदी, फराळ, गप्पा सगळं आलं. सात तास कमी नाहीत, पण त्यात आत्याकडे, मामाकडे, तुळजापूर, पंढरपूर, शेजारच्या काकूंचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम आणि जुन्या वर्गशिक्षकांची भेट एवढं कोंबलं तर ते संपतात. बहुतेक घरांत हेच होतं, आणि मग 'घरी येऊन आमच्याशी दोन शब्द बोलली नाही' अशी तक्रार होते. बोलायला वेळच ठेवलेला नसतो.

फोनवर पहिला प्रश्न सुट्टीचा. महाराष्ट्रात आपण लक्ष्मीपूजनाला सगळं बंद असेल असं गृहीत धरतो. कर्नाटक सरकारच्या यादीत दिवाळीच्या दोन सुट्ट्या असतात, नरकचतुर्दशी आणि बलिपाडवा. २०२५ साली त्या २० आणि २२ ऑक्टोबरला होत्या. आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ला होतं आणि तो दिवस त्या यादीत नव्हता. भाऊबीजेलाही तिकडे सुट्टी नसते. खासगी कंपन्या आपापली यादी लावतात, त्यामुळे 'दिवाळीला सुट्टी आहे ना' असं न विचारता 'कोणत्या तारखांना तुला काम आहे, किती ते किती' असं विचारा आणि उत्तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कामाच्या वेळेत ती घरात दिसत असली तरी ऑफिसात आहे असंच सगळ्यांनी धरायचं, आजीनेसुद्धा. भाऊबीजेच्या आधीच तिला निघावं लागणार असेल तर ओवाळणी पाडव्याच्या संध्याकाळी उरकायला हरकत नसावी. आदल्या दिवशीचं ओवाळणं रेल्वे फलाटावरच्या घाईच्या ओवाळण्यापेक्षा बरं.

दुसरा प्रश्न परतीच्या तारखेचा. 'आल्या आल्या जाण्याचं काय विचारायचं' म्हणून लोक तो टाळतात. विचारलाच पाहिजे, कारण दिवाळीत येण्यापेक्षा जाण्याचं तिकीट मिळणं कठीण. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून, सकाळी ८ वाजता. येण्याचं आणि जाण्याचं तिकीट वेगवेगळ्या दिवशी उघडतं. दोन्ही तारखांचा गजर आधी लावा. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, आणि साधं आरक्षण उघडतं त्या दिवशीही तीच अट लावली आहे. म्हणून खातं आधी जोडून घ्या, शेवटच्या रात्री ओटीपीच्या मागे धावू नका. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० ला, बाकीच्यांचं ११ ला. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेस सोयीची, पण ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. तिला सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असेल तर एक दिवस आधी निघायचं की गाडीतून उतरून थेट ऑफिस गाठायचं, हे तिनेच ठरवावं. तिथे 'अजून एक दिवस थांब' हा आग्रह धरू नका. त्या एका दिवसापायी तिची पुढची सुट्टी साहेबाच्या मनातून उतरते.

तिसरा प्रश्न खाण्याचा. तीन वर्षांत माणसाचं ताट बदलतं. दूध पचेनासं होतं, साखर सोडलेली असते, अंडी सुरू झालेली असतात, व्यायामशाळेच्या नादाने रात्रीचा भात बंद असतो. ताटावर बसल्यावर हे कळलं की दोघींनाही लागतं. आधी कळलं की ती फक्त एक सूचना असते.

आता खोली. मूल बाहेर गेलं की त्याच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, रिकामी खोकी, जुना मिक्सर आणि रद्दी येते. ती येण्याच्या आदल्या रात्री हे सगळं पलंगाखाली ढकललं जातं, आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला दिसतं. आठवडाभर आधी काढा. खोली आता दुसऱ्या कोणाला दिली असेल, धाकट्याचा अभ्यास तिथे चालत असेल, तर तसं फोनवर सांगा. येऊन समजायला नको. तिच्या वस्तू मात्र तिला न विचारता टाकू नका, भंगारवाल्याला वही-पुस्तकं देऊ नका. एक खोकं भरून ठेवा आणि 'यातलं काय ठेवायचं ते बघ' म्हणा. हे काम तिच्या मर्जीने, तिला वेळ असेल तेव्हा.

पावसाळ्यात गाद्या ओल धरतात आणि वास येतो. कापसाची गादी ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस, दर दोन तासांनी उलटून ठेवावी. गोळे झाले असतील तर उन्हाने सरळ होत नाहीत, पिंजाऱ्याकडेच द्यावी लागते आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे गर्दी असते. फोमची गादी कडक उन्हात घालू नये, ती पिवळी पडून भुसभुशीत होते. कव्हर काढून खिडकीजवळ उभी करून वारा लागू द्यावा. चादरी डांबरगोळ्यांत ठेवलेल्या असतील तर दोन दिवस आधी बाहेर काढून वाळत घाला, नाहीतर त्या वासाने रात्रभर झोप लागत नाही आणि सकाळी डोकं दुखतं.

घरून काम करायचं तर पलंगावर बसून दोन दिवस निघत नाहीत. साधं ७२ ते ७५ सेंटिमीटर उंचीचं टेबल, पाठ असलेली खुर्ची, हाताजवळ तीन पिनचा सॉकेट आणि दारामागे नसलेली जागा, एवढं पुरतं. इंटरनेटचा वेग फोनवर तपासून बघा आणि डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही बघा. व्हिडिओ बैठकीला दोन्हीकडे सुमारे चार एमबीपीएस स्थिर मिळाले तरी काम भागतं. अडचण बहुधा वेगाची नसून राउटर दोन भिंतींपलीकडे असण्याची असते. वीज जाण्याचा त्रास असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेकदा तिथे १२ व्होल्ट आणि १ किंवा २ अ‍ॅम्पिअर लिहिलेलं असतं. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अ‍ॅम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर राउटर जळू शकतो, आणि तोही नेमका धनत्रयोदशीला.

ती आल्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. रात्रभर प्रवास झालेला असतो, त्याआधी सुट्टी मिळावी म्हणून चार दिवस जास्तीचं काम झालेलं असतं. ताटात गरम वरणभात, तूप, लिंबू, एखादी कोरडी भाजी. फराळाची ताटली समोर धरून 'हे खा, ते खा' पहिल्या तासात नको, आणि ती दार उघडते त्या क्षणी सोसायटीतल्या चौघी हॉलमध्ये बसलेल्या नकोत. 'किती बारीक झालीस' आणि 'जरा सुटलीस' ही दोन्ही वाक्यं याच तासात तोंडातून निघतात. प्रेमाने म्हटलेली असली तरी दोन्ही गिळा.

झोपेवरून सर्वांत जास्त वाजतं, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. विशीतल्या पुष्कळ माणसांचं झोपेचं घड्याळ आईवडिलांच्या घड्याळापेक्षा दीड-दोन तास मागे असतं. त्यात शहरातली नोकरी, रात्री उशिराच्या बैठका. घरी आल्यावर पहिले दोन दिवस ती दहापर्यंत झोपली तर ती मागची थकबाकी फेडते आहे. साडेसातला मिक्सर लावणं, पंखा बंद करणं, खोलीत येऊन कपाट उघडणं, या सगळ्या आडून मारलेल्या हाका आहेत आणि तिला त्या ओळखू येतात. उलट एक दिवस मात्र सगळ्यांनी लवकर उठायचं हे फोनवरच ठरवा: नरकचतुर्दशी. आदल्या रात्री पाट, तेल, उटणं काढून ठेवा. एका माणसाला दोन मोठे चमचे उटणं पुरतं, दुधात किंवा गुलाबपाण्यात भिजवायचं. तेल हाताला सोसेल इतपत कोमट. घरात एकच न्हाणीघर असेल तर माणशी वीस मिनिटं धरून क्रम लावा, आणि तिला शेवटचा क्रमांक द्या. एका दिवसाचं उठणं हक्काने मागता येतं, सहा दिवसांचं नाही.

फराळात तिला काय काम द्यायचं हाही विचार करून ठेवा, कारण 'राहू दे, तू बस' म्हटलं की ती पाहुणी होते आणि पाहुण्या माणसाने फोन बघितला तर त्यात नवल नाही. पण चकली तिच्यावर सोपवू नका. चकली हे एका हाताचं काम आहे: मोहन जास्त झालं की तेलात विरघळते, कमी झालं की दाताला दगड लागते, आच मोठी राहिली की बाहेरून रंग येतो आणि आतली ओल दुसऱ्या दिवशी तिला मऊ पाडते. बिघडली की दोष कोणाचा यावर दिवस जातो. चकली आणि चिवडा ती यायच्या आधी करून टाका. करंजी मात्र तिच्यासाठी राखून ठेवा, कारण करंजीला तीन-चार हात लागतात. एक लाटतो, एक भरतो, एक कातण फिरवतो, एक तळतो, आणि हात गुंतलेले असताना तोंड मोकळं असतं. पाव किलो रवा-मैद्याच्या पंचवीसेक करंज्या होतात. चौघांनी मिळून दीड तासात आटपतात. पीठ दोन तास आधी भिजवून कुटलेलं हवं. लाटलेली पारी उघडी राहिली तर कडा सुकतात आणि चिकटत नाहीत, म्हणून ओलसर फडकं टाकून ठेवा. सारण काठोकाठ भरू नका. एक करंजी तेलात फुटली की पुढच्या सगळ्यांवर काळे ठिपके येतात. तिची करंजी वाकडी झाली तर ती तशीच तळायची. सुधारून परत बंद करायची नाही.

रोजचं जेवण साधं ठेवा. सलग तळलेलं खाऊन तिसऱ्या दिवशी पित्त होतं आणि मग ती जेवत नाही म्हणून वाईट वाटतं. पीजीत राहणाऱ्या मुलांना घरी आल्यावर शेवेपेक्षा ज्वारीची भाकरी, मेथी, ताक आणि शेंगाचटणी यांचंच जास्त अप्रूप असतं.

बाहेर जाण्याबद्दल. बंगळुरूत ती रात्री कितीला घरी येते हे तुम्ही विचारत नाही, आणि सोलापुरात नऊच्या ठोक्याला फोन करता. वेळेची मर्यादा घालण्याऐवजी दोन गोष्टी मागा: रात्री घरी जेवणार की नाही हे संध्याकाळी सहापर्यंत सांगायचं, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकायचा. स्वयंपाक वाया जात नाही, काळजीही राहत नाही. धाकट्या भावाला हा नियम नसेल तर तिलाही लावू नका. घरात हा भेद असेल तर तो तिला तुमच्याआधी दिसतो. दारू, सिगारेट, मित्राने मुक्कामाला येणं, याबाबत घराचा काय नियम आहे तो एका वाक्यात, आधी, शांतपणे सांगा. घर तुमचं आहे, नियम असू शकतो. तो त्या क्षणी, चौघांसमोर उपटला की भांडण होतं.

लग्नाचा विषय काढूच नये असं मी म्हणणार नाही. तुमच्या मनात तो आहे, तर तो नजरेतून, सुस्काऱ्यांतून आणि शेजारणीच्या मुलीच्या साखरपुड्याच्या वर्णनातून बाहेर पडतोच. त्यापेक्षा त्याला एक तास द्या. पहिले दोन दिवस नाही, निघण्याच्या आदली रात्र तर नाहीच, कारण चिडून झालेलं बोलणं तिच्याबरोबर गाडीत बसतं. चौथा दिवस बरा. सकाळीच सांगा: 'संध्याकाळी तासभर तुझ्याशी बोलायचंय, लग्नाबद्दल. तुझं ऐकायचंय.' खोलीत आईवडील आणि ती, बाकी कोणी नाही. पहिला प्रश्न तिच्या विचारांचा: तुला करायचंय का, कधीच्या आसपास, कोणी मनात आहे का, आम्ही शोधावं असं वाटतं का. ती 'आत्ता नाही' म्हणाली तर 'मग हा विषय पुन्हा कधी काढू?' एवढं विचारा. 'पुढच्या जूनला' असं काही उत्तर आलं तर ते पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले स्थळांचे बायोडेटा खिशात ठेवून या बैठकीला बसू नका. नातेवाइकांसमोर आत्याबाईंनी विषय काढला तर उत्तर तुम्ही द्यायचं: 'ते आमचं चाललंय बोलणं. चहा गार होतोय.' त्या क्षणी तुम्ही गप्प बसलात तर तुम्हीच आत्याबाईंना सांगून ठेवलंय असं तिला वाटतं. पगाराचा आकडा कोणी विचारला तर तोही असाच अडवायचा.

आईवडील मुलांपासून दुखणी लपवतात. वडिलांची साखर वाढली, आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला, हे फोनवर सांगत नाहीत आणि मग औषधांचा डबा तिला फ्रिजवर सापडतो. त्याने ती घाबरते, आणि पुढे प्रत्येक 'आम्ही मजेत' वर संशय घेते. येण्याआधी दोन वाक्यांत सांगा, रिपोर्ट एका फाइलीत लावून ठेवा. बँकेचं केवायसी, खात्याला वारस लावणं, विम्याचा हप्ता, फोनमध्ये भरलेली जागा, अशी कामंही तिच्यासाठी साठवलेली असतात. ती येता-जाता, तिचा घास हातात असताना काढू नका. एका कागदावर लिहा, एक दुपार मागून घ्या आणि त्या दुपारी संपतील तेवढीच करा. ती स्वतःच्या पैशांनी घरासाठी काही आणत असेल, तर 'कशाला एवढा खर्च' म्हणू नका. वेष्टन फाडा, वापरायला काढा.

वर थकव्याबद्दल लिहिलं, पण थकवा आणि खचणं यांत फरक करता आला पाहिजे. थकलेलं मूल दोन दिवस झोपून तिसऱ्या दिवशी भुकेलं उठतं, मैत्रिणीला फोन लावतं. खचलेलं उठत नाही किंवा पहाटे तीनपासून जागं असतं. आवडीचं पुढे ठेवलं तरी दोन घास खातं, कोणालाच भेटायचं नसतं, 'कशालाच काही अर्थ नाही' असं बोलून जातं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय असं तिच्या बोलण्यातून कळलं तर सणाचा आनंद घालवू नकोस असं सुनावू नका. एकट्यात विचारा: 'हल्ली तुला जड जातंय का? जगणं नको असं वाटतं का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ तिच्याबरोबर बसून घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. उत्तर 'हो' असं आलं तर तिला एकटं ठेवू नका आणि सणासाठी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

शेवटचा दिवस. दुपारनंतर कोणाला बोलावू नका. बांधून काय द्यायचं हे तिला आदल्या दिवशी विचारा आणि तिने सांगितलं तेवढंच द्या; वर आणखी निम्मं दडपलं की ते बंगळुरूत रूमवरच्या फडताळात खवट होतं. चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नये, वाफ धरली की पोहे चामट होतात. तीन किलोची एक पिशवी देण्यापेक्षा अर्ध्या किलोच्या सहा द्या, एक उघडली तरी बाकीच्या कुरकुरीत राहतात आणि ऑफिसात वाटायला बऱ्या. चकली आणि बेसनाचे लाडू हवाबंद डब्यात तीन आठवडे सहज टिकतात. ओलं खोबरं घातलेले रव्याचे लाडू दोन-तीन दिवसांतच संपवावे लागतात, ते प्रवासाला देऊ नका. शेंगाचटणी कोरड्या बरणीत महिनाभर राहते, बरणीत ओला चमचा गेला नाही तर. शेंगापोळी आठवडाभर. कडक भाकरी सगळ्यांत टिकाऊ, पण बॅगेत आडवी ठेवली तर उतरताना तिचा चुरा होतो. उंच डब्यात उभी रचून मधल्या फटींत वर्तमानपत्र खोचा.

आणि डबे. स्टीलचे चांगले डबे परत हवे असतील तर भरतानाच सांगा, म्हणजे पुढच्या खेपेला ती घेऊन येईल. नको असतील तर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरा आणि जानेवारीत फोनवर डब्यांची चौकशी करू नका.